पडद्यावर रक्त सांडण्याआधी

चित्रपटात उघडीवाघडी हिंसा असावी की नसावी, हा वाद प्रेक्षकांवर सोडा. चित्रपट बनवणाऱ्यापुढचा प्रश्न त्याहून साधा आहे. हा प्रसंग घडून गेल्यावर गोष्टीत काय बदलतं? उत्तर एका ओळीत लिहून काढा. 'नायक मामाच्या खुन्याला मारतो' हे उत्तर नव्हे, ती नुसती घटना झाली. 'कधी कुणावर हात न उचललेल्या माणसाला आता घरच्यांच्या नजरेला नजर देता येत नाही' हे उत्तर. अशी ओळ सुचतच नसेल तर प्रसंग काढून टाका, नाहीतर बंद दाराआड उरकून घ्या. रक्त ओतून ती ओळ तयार होत नाही.

खरी अडचण बहुतेकदा उलट्या टोकाला असते. वीस माणसं गोळ्या खाऊन धान्याच्या पोत्यासारखी पडतात, कुणी कण्हत नाही, कुणाचा सदरा भिजत नाही आणि पुढच्या दृश्यात नायक केस नीट करतो. ही हिंसा कुणाच्या डोळ्यात खुपत नाही, पण रक्ताळलेल्या प्रसंगापेक्षा ती जास्त खोटं बोलते. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांच्या 1961 पासूनच्या बाहुलीच्या प्रयोगांबद्दल पुष्कळांनी ऐकलेलं असतं: मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेली मुलं तशीच बडवाबडवी करतात. 1965 चा त्यांचा पुढचा प्रयोग मात्र फारसा कुणी सांगत नाही. बडवणाऱ्याला शिक्षा होताना ज्या मुलांनी पाहिलं, त्यांनी आपणहून नक्कल कमी केली. नक्कल केल्यास बक्षीस देऊ म्हटल्यावर त्यांनाही सगळं करून दाखवता आलं. थोडक्यात, कृती सगळ्यांनी टिपली होती. ती करावीशी वाटणं हे परिणाम काय दिसला त्यावर ठरलं. बाहुलीवरून थेट गुन्हेगारीवर उडी मारता येत नाही हे खरं, पण पटकथा लिहिणाऱ्याला एवढी खूण पुरते. मेहनत वारापेक्षा वारानंतरच्या मिनिटावर जास्त घ्यायची.

आधी रस ठरवा, मग कॅमेरा

चाकूचा तोच एक वार रौद्र, भयानक, बीभत्स, करुण किंवा वीर यांपैकी कोणत्याही रसाचा होऊ शकतो. हे ठरवल्याशिवाय सेटवर गेलात तर मेकअपवाला त्याच्या हौसेने बीभत्स बनवतो, फाइट मास्टर वीर बनवतो आणि एडिट टेबलवर दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत.

रौद्र हवा असेल तर मारणाऱ्याच्या चेहऱ्यापाशी थांबा. क्रोध चेहऱ्यावर आणि श्वासात असतो, जखमेत नसतो. चौथा, पाचवा, सहावा वार मोजता येतील असा पडू द्या. पहिला वार रागाचा वाटतो, सहावा वार पाहणाऱ्याला मारणाऱ्याचीच भीती वाटायला लावतो. मार खाणारा चौकटीबाहेर असला तरी चालेल.

भयानकाचं सगळं भांडवल 'आता काय होणार' यात आहे. साठ सेकंदांच्या प्रसंगातली पंचेचाळीस सेकंदं वाट पाहण्यात जाऊ द्या, वाराला तीन-चार सेकंदं, उरलेली नंतरच्या शांततेला. जखम दिसली की भीती संपते आणि किळस सुरू होते. भयपट फसतात ते बहुधा इथेच: घाबरवायचं होतं आणि घाईघाईने आतडी दाखवली.

बीभत्सासाठी कॅमेरा हलवू नका. स्वच्छ उजेड, स्थिर चौकट, संगीत नाही. पण जुगुप्सा फार लवकर बोथट होते. पहिल्यांदा माणूस मान फिरवतो, दुसऱ्यांदा डोळे किलकिले करतो, तिसऱ्यांदा 'हे कसं केलं असेल' असा विचार करू लागतो. त्यामुळे तो एकदाच खर्च करायचा.

करुणात जखम एकदा, पण नि:संशय दाखवावी लागते. हा माणूस आता वाचत नाही, हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. त्यानंतर जखमेकडे परत जाऊ नका. हात, डोळे, निघालेली चप्पल, शेजारी बसलेल्याचं निरर्थक बोलणं, यांवर राहा.

राहिला वीर. उत्साहाच्या प्रसंगात फाटलेलं मांस आलं की वीररस नासतो. कधीकधी तेच हवं असतं. युद्धाचा पोकळ झळाळ खरवडून काढायचा असेल तर नेमकं हेच करा. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या 1998 च्या चित्रपटात समुद्रकिनाऱ्यावरच्या लढाईत ते केलेलं दिसतं. तिथे कॅमेऱ्याचा शटर अँगल (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड मिळतो ते ठरवणारा कोन) नेहमीच्या 180 अंशांऐवजी 90 आणि 45 अंशांवर ठेवला होता आणि हातपाय तुटलेल्या सैनिकांसाठी खरोखरच अवयव गमावलेली माणसं घेतली होती. हिशेब सोपा आहे. सेकंदाला 24 फ्रेम आणि 180 अंश असतील तर प्रत्येक फ्रेमला 1/48 सेकंद उजेड मिळतो. 90 अंशांना 1/96, 45 अंशांना 1/192. हालचालीतला धूसरपणा जातो, उडालेला मातीचा कण न् कण सुटा दिसतो आणि धावणारा माणूस अडखळत पळतोय असं वाटतं. हे करताना उजेड 90 ला एक स्टॉप आणि 45 ला दोन स्टॉप वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), हे आधी लक्षात घ्या. ऐनवेळी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, वाढवून भागवलंत तर अंधाऱ्या भागात दाणे येतात.

संथगती मात्र जपून वापरा. सेकंदाला 96 फ्रेमवर घेतलेलं उडणारं रक्त सुंदर दिसतं, आणि सुंदर दिसलं की दुखत नाही.

दाखवायचं नसेल तेव्हा

कॅमेरा वळवणं ही पळवाट नव्हे, तेही तेवढंच कष्टाचं काम आहे. 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मध्ये (1992) कान कापला जातो तेव्हा कॅमेरा बाजूला सरकून भिंतीकडे पाहतो; ऐकू येतं ते पुरतं. 'सायको'मधल्या (1960) न्हाणीघरातल्या खुनासाठी कॅमेरा 78 वेळा मांडला आणि 52 कट वापरले, तेही मिनिटभराच्या आत मावणाऱ्या प्रसंगासाठी. पातं अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, पण पाहिल्याची शपथ घ्यायला माणसं तयार असतात. चित्रपट कृष्णधवल असल्याने रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चाललं. रंगीत कॅमेऱ्यापुढे ही चैन मिळत नाही.

दाखवणं अटळ केव्हा? न दाखवल्याने प्रेक्षकाला सबब मिळत असेल तेव्हा. कत्तल, कोठडीतली मारहाण, घरातला मार, हे सगळं शब्दांत सांगितलं की 'एवढं काही झालं नसेल' असं म्हणायला जागा उरते.

रक्त बनवणं

एक लिटरच्या आसपास रक्तासाठी हे प्रमाण धरा: कॉर्न सिरप किंवा साखरेचा घट्ट पाक 750 मिली, कोमट पाणी 200 मिली, खाण्याचा द्रवरूप लाल रंग 30 मिली, कोको पावडर दोन मोठे चमचे, निळा रंग तीन-चार थेंब. दाटपणा हवा असल्यास कॉर्नफ्लॉवर एक मोठा चमचा.

कोको आधी कोमट पाण्यात फेटून गाळून घ्या. थेट पाकात टाकलात तर गुठळ्या होतात आणि क्लोजअपमध्ये त्या चिखलासारख्या दिसतात. कॉर्नफ्लॉवर घालणार असाल तर ते थोड्या गार पाण्यात कालवून, त्या पाण्याला एक उकळी आणून मगच मिसळा. कच्चं राहिलं तर तासाभरात तळाशी बसतं. मग पाक, मग लाल रंग, आणि निळा सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबाने. निळा जास्त झाला की रक्त जांभळं होतं आणि ते परत लाल होत नाही, नवं बनवावं लागतं.

आता पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून कागद उभा धरा. थेंब ओघळताना मागे गुलाबी, पारदर्शक कडा सोडत असेल तर कोको वाढवा. खरं रक्त अपारदर्शक असतं. त्याच्या थरातून कागद दिसता कामा नये. कागदावर जमलं तरी पुरेसं नाही. ज्या दिव्यांत शूटिंग आहे त्याच दिव्यांत, त्याच कपड्यावर, त्याच कॅमेऱ्याने दहा सेकंद टिपून पाहा. पिवळट दिव्यांत लाल रंग नारिंगीकडे झुकतो, गडद कपड्यावर रक्त नुसतं ओलं दिसतं. 'डॉन ऑफ द डेड'मधलं (1978) रक्त पडद्यावर भिंतीच्या रंगासारखं भडक आलं. त्या चित्रपटाच्या चित्रकथेसारख्या ढंगात ते खपून गेलं, पण गंभीर प्रसंगात खपणार नाही.

एका बाटलीवर भागवू नका. ताजं, साकळलेलं आणि वाळलेलं अशा तीन बाटल्या करा. साकळलेल्यात कोको आणि कॉर्नफ्लॉवर जास्त, पाणी कमी. वाळलेलं तपकिरी, जवळजवळ काळपट. जखम झाल्यावर तासाभराने घडणाऱ्या दृश्यात ताजं लाल रक्त दिसलं की प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण विश्वास तिथेच उडतो.

प्रमाणाचा अंदाज: ओठ फुटला तर 5 मिली पुष्कळ. नाकातून वाहणारं 10 ते 15 मिली. सदऱ्यावर पसरणारा वाराचा डाग 50 ते 80 मिली. गुळगुळीत जमिनीवर अर्धा लिटर ओतलं तर भलं मोठं थारोळं दिसतं. प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून पाचएक लिटर रक्त असतं. एका जखमेतून दोन-तीन लिटर उडवलंत की प्रसंग विनोदी होतो. विनोदच करायचा असेल तर दहा उडवा, पण मधे कुठे अडकू नका.

काही गोष्टी आयत्या वेळी छळतात. खाण्याचा रंग कातडीवर दोन दिवस राहतो; आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, नंतर दाढीचा फेस चोळून पुसा. कपड्यात रक्त मुरण्याऐवजी मोत्यासारखं घरंगळत असेल तर लिटरला अर्धा चमचा भांडी घासायचा द्रव साबण घाला, आणि त्या बाटलीवर ठळक अक्षरांत 'तोंडात नको' लिहा. तोंडातून येणारं रक्त वेगळं, त्याच दिवशी बनवलेलं आणि दिवस संपला की फेकायचं. डोळ्यात कुठलंच नको. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे पाकाने फरशी बर्फासारखी निसरडी होते. प्रत्येक टेकनंतर फरशी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसणारा एक माणूस नेमा, त्याला दुसरं काम देऊ नका. आणि कपड्यांचे किमान तीन सारखे जोड. दोनमध्ये कधीच भागत नाही, कारण पहिला टेक हमखास फुकट जातो.

चाकूची रेघ

पातं फिरलं आणि मागे लाल रेघ उमटली, हा शॉट दिसायला अवघड, करायला सोपा आहे. ॲल्युमिनियमचं बोथट, कडा गोल घासलेलं पातं घ्या. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला बारीक लवचिक नळी चिकटवा. तिचं तोंड धारेच्या दोन-तीन मिलिमीटर आत थांबलं पाहिजे. नळी मुठीतून बाहीत, बाहीतून पाठीमागे आणि तिथून चौकटीबाहेर बसलेल्या माणसाच्या हातातल्या 60 मिलीच्या सिरिंजपर्यंत न्या. रक्तात थोडं पाणी वाढवा, नाहीतर नळीतून सरकत नाही. टेकच्या आधी नळी तोंडापर्यंत भरून घ्या. आत हवा राहिली तर ऐन क्षणी बुडबुडा फुटतो, फुर्र असा आवाज होतो आणि सगळा सेट हसतो.

पातं कातडीवर टेकवून हलक्या हाताने ओढायचं, सिरिंज त्याच वेगाने दाबायची. जोरात दाबली तर थेंब पात्याच्या पुढे पडतो आणि युक्ती उघडी पडते. दोघांनी आधी साध्या पाण्यावर पंधरा-वीस वेळा ताल बसवावा.

स्प्रिंगचं, आत सरकणारं पातं टाळा. साखर वाळून स्प्रिंग अडकते आणि पातं सरकत नाही, तेव्हा ते समोरच्याच्या छातीत टोचतं. भोसकण्यासाठी रबरी चाकू आणि कॅमेऱ्यापलीकडच्या बाजूने, बगलेजवळून जाणारा वार हेच खात्रीचं.

ठोशांचं गणित नजरेच्या रेषेचं आहे. दोघांमध्ये हातभर अंतर ठेवा आणि कॅमेरा असा लावा की मूठ, गाल आणि लेन्स क्षणभर एका रेषेत येतील. 85 मिलिमीटरच्या लेन्समागे दूर उभं राहिलात तर मधलं अंतर मिटतं, 24 मिलिमीटर जवळ नेलीत तर उघडं पडतं. मान फिरवणं ठोसा खाणाऱ्याच्या हातात असावं. मारणाऱ्याने त्याच्या तालावर मूठ न्यायची. सराव अर्ध्या वेगाने करा, आणि कुणीही उच्चारला की सगळं जागीच थांबेल असा एक शब्द ठरवून घ्या. 'नको' किंवा 'थांब' हे शब्द त्यासाठी चालत नाहीत, संवादात ते येतातच.

बंदुकीच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे: बार उडणारं हत्यार सेटवर आणूच नका. ब्लँक काडतुसात गोळी नसते, पण दारू असते आणि ती पेटल्यावर दाबाखालचा वायू जोरात बाहेर पडतो. 1984 साली जॉन-एरिक हेक्सम या नटाने ब्लँक भरलेली बंदूक गमतीने कानशिलाला लावली आणि तो गेला. 1993 साली नट ब्रँडन ली गेला तो नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा पुढच्या ब्लँकने ढकलला म्हणून. 2021 मध्ये 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर तर खरं काडतूसच भरलं गेलं होतं. रबरी बंदूक, नटाच्या मनगटाचा झटका, नंतर संगणकावर घातलेला एक-दोन फ्रेमचा उजेड आणि आवाज, एवढ्यावर काम होतं. कपड्याखाली फुटणारे दारूचे स्क्विब परवानाधारक माणसाशिवाय हाताळू नयेत. हवेच्या दाबावर चालणारे पर्याय मिळतात.

कान

हिंसा अर्ध्याहून अधिक कानाने दिसते. एका वाराचे तीन थर वेगळे ध्वनिमुद्रित करा: कपड्याची सळसळ, धक्का, आणि ओलसर आवाज. हाड मोडायला सेलेरी या कडक देठांच्या भाजीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून पिळतात. भोसकण्यासाठी खरबूज; 'सायको'चा आवाज तिथूनच आला. ओलसरपणासाठी भिजवलेलं मऊ चामडं. तिन्ही थर सारख्याच मोठ्याने ठेवले तर चित्रपट कार्टून होतो. एक पुढे, दोन मागे. धक्का चित्राच्या एक फ्रेम आधी आला तर तीक्ष्ण वाटतो, दोन फ्रेम उशिरा आला तर डबिंग वाटतं.

वारानंतर दोन सेकंद फक्त खोलीचा आवाज राहू द्या. तिथे व्हायोलिन भरण्याचा मोह आवरा.

एडिट टेबलवर

कृत्रिम जखमेचा क्लोजअप बारा फ्रेमपासून सुरुवात करून वाढवत न्या. साधारण दीड सेकंदापुढे डोळा खोट शोधू लागतो, जिलेटिनची कड कुठे संपते ते पाहू लागतो. (जिलेटिन तापत्या दिव्यांखाली वितळतं, लांब शॉटला सिलिकॉन घ्या. लेटेक्स वापरणार असाल तर एक दिवस आधी नटाच्या मनगटावर लावून ॲलर्जी तपासा.)

सगळ्यात उघडा प्रसंग शेवटीच असला पाहिजे असं नाही. पहिल्या वीस मिनिटांत एकदा स्पष्ट दाखवा. त्यानंतर प्रेक्षकाला कळतं की हा चित्रपट काहीही दाखवू शकतो, आणि मग उचललेला हात, उघडलेलं ड्रॉवर एवढंच पुढे तासभर पुरतं.

लैंगिक हिंसा या हिशेबात बसत नाही. तिथे कॅमेरा मारणाऱ्याच्या नजरेने उभा राहिला की हेतू काहीही असो, दृश्य चाळवणारं होतं. इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे जवळिकीच्या दृश्यांत नटांची संमती आणि सुरक्षितता पाहणारा माणूस, नेमा, प्रत्येक स्पर्श आधी लिहून ठरवा. बहुतेकदा प्रसंगच न दाखवता नंतरची सकाळ दाखवणं जास्त खरं ठरतं. लहान मूल प्रसंगात असेल तर त्याला हिंसेच्या शॉटमध्ये ठेवू नका; त्याची घाबरी नजर वेगळ्या दिवशी, वेगळ्याच गोष्टीकडे पाहताना टिपा आणि कट करून जोडा.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रासाठी प्रत्येक घावाचे तीन पर्याय सेटवरच घेऊन ठेवा: जखमेचा, चेहऱ्याचा आणि पाहणाऱ्याचा. परीक्षक मंडळी साधारणपणे किती वेळ दाखवलं, किती तपशील होता, क्रौर्याची मजा घेतली का आणि पद्धत नक्कल करण्याजोगी आहे का, हे पाहतात. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या (1976) शेवटच्या गोळीबारात रंग फिके केले आणि हवं ते प्रमाणपत्र मिळालं. ते रक्त मळकट दिसतं, आणि आमच्या मते त्यामुळे जास्त अस्वस्थ करतं.

कच्चा एडिट आठ-दहा अनोळखी माणसांना दाखवा आणि तेव्हा पडद्याकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे पाहा. नको तिथे हसू आलं तर रक्त जास्त आहे, आवाज मोठा आहे किंवा शॉट लांबला आहे, या क्रमाने तपासा. दुसऱ्या दिवशी फोन करून काय आठवतं ते विचारा. 'तो हात तुटतो ते भारी केलंय' असं उत्तर आलं तर मेकअपवाल्याचं कौतुक करा आणि प्रसंग पुन्हा कापायला घ्या. पात्राचं नाव आठवलं तर हात लावू नका.

शेवटचं काम कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका दृश्यातले तपशील दुसऱ्याशी जुळवणाऱ्या, वहीतलं, आणि ते सगळ्यात जास्त विसरलं जातं. जखमांसाठी वेगळा रकाना आखा: कुणाला, कुठे, कथेतल्या कितव्या दिवशी. मुका मार पहिल्या दिवशी लाल आणि सुजलेला, एक-दोन दिवसांत निळा-जांभळा, आठवड्याच्या सुमारास हिरवट, त्यानंतर पिवळा-तपकिरी. बरगडीवर लाथ खाल्लेला माणूस चार दिवसांनी शिंकताना कूस धरतो. नखांच्या कडेला वाळलेलं रक्त एका अंघोळीत जात नाही. हे सगळं चाळिसाव्या दृश्यातल्या वारासाठी त्रेचाळिसाव्या, पन्नासाव्या आणि एकसष्टाव्या दृश्यांच्या पानांवर लिहून ठेवा, कारण दृश्यं क्रमाने चित्रित होत नाहीत आणि एकसष्टावं बहुधा पहिल्याच आठवड्यात उरकलेलं असतं.